वरचा सव्वा टक्का

अरविंद जंगम यांना या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवू. बागेच्या फाटकाशी पाटीवर नाव. एक शाल, जिच्यासारख्या पाच घरात पडून होत्या. माईकसमोर दहा मिनिटं, ज्यांची त्यांनी चाळीस केली असतीच. आणि या तिन्हींपेक्षा वजनदार असं चौथं: बाळासाहेब निकमांनी चारचौघांत टोपी काढून म्हणायचं, "साहेब, हरलो." खरं सांगायचं तर पहिल्या तिन्ही गोष्टी नसत्या तरी जंगमांनी एकट्या चौथीसाठी कंबर कसली असती.

प्रकरण होतं खताचं.

शहरातल्या बागांना रासायनिक खत घालायला बंदी येऊन काही वर्षं झाली होती, आणि साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, मंगळाई कॉलनीत, जो तो खततज्ज्ञ झाला होता. पूर्वी संध्याकाळी कट्ट्यावर मुलांच्या पगारांची तुलना चालायची, आता खताच्या कसाची. त्यातच नगरपालिकेने जाहीर केलं की जुन्या कचरा डेपोच्या जागी मोठी बाग होणार, आणि कॉलनीत ज्याचं खत दसऱ्यापर्यंत सर्वांत कसदार ठरेल, त्याच्या खतावर बागेची पहिली रोपं वाढणार. महिन्याभरात बाकीचे गळाले आणि मैदानात दोघं उरले. निकमांकडे, ज्यांना सगळी कॉलनी आबा म्हणायची, हरणी नावाची गाय होती आणि मागच्या प्लॉटवर शेणखताचा उकिरडा. जंगमांच्या गच्चीवर तीन कप्प्यांची हिरवी खतपेटी होती.

जंगमसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच आणि लोहचुंबकं शोधून काढण्यात गेली. "जो काटा झाकतो, तो काहीतरी झाकतो," हे त्यांचं वाक्य बाजारपेठेत इतकं पाठ होतं की व्यापाऱ्यांची पोरंही म्हणायची. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी घरात दूधवाल्याचं माप, गॅसचं वजन आणि बायकोचा जमाखर्च तपासला. मग खतपेटी आली आणि घर सुटलं.

बायको वैजयंता. पेटी साहेबांची, पण पेटीत पडायचं ते वैजूच्या हातून. सालं, देठं, चहाचा चोथा, गच्चीवरचा पाचोळा, सगळं तीच चिरून, कालवून, थर लावून घालायची. साहेब संध्याकाळी झाकण उघडून वास घ्यायचे आणि "जमतंय" म्हणायचे. दुपारचं जेवणही तसंच. एवढं शतक पुढे सरकलं, घरोघरी भिंती बोलायला लागल्या, पण या घरात आधी साहेब जेवायचे आणि ते वामकुक्षीला गेले की मग वैजू आपलं ताट वाढून घ्यायची. तशी सक्ती कोणीच केली नव्हती. पडलेली रीत होती, आणि पडलेल्या रितीला कोणी उचलत नाही.

चैत्रात कृषी केंद्राच्या मृणाल कदम कॉलनीत 'कसदर्शी' घेऊन आल्या. हातभर लांब सळई आणि वर तळहाताएवढा पडदा. सळई खतात खुपसली की ती आत प्रकाश सोडते. नत्र, स्फुरद, पालाश, क्षार, प्रत्येक जण तो प्रकाश आपापल्या परीने गिळतो आणि परत करतो, आणि त्यावरून सळई आकडे मांडते. पूर्वी यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून आठवडाभर थांबावं लागे. आता चहा निवेपर्यंत काम व्हायचं.

"आबा, तुमच्या शेणखतात नत्र पाऊण टक्का," मृणाल म्हणाल्या. "जंगमकाका, तुमच्या खतात दीड."

"दुप्पट!" साहेब म्हणाले.

"दुप्पट तर दुप्पट," आबांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिलं. "नुसत्या आकड्यानं माती भरत न्हाई साहेब. माझं खत जमिनीत दोन वर्सं राबतंय. तुमचं म्हंजे जावयाचा पाहुणचार, चार दिसांत खल्लास."

"तेही खरं आहे," मृणाल हसल्या. "काका, गाय खाते आणि स्वतःला हवं ते ठेवून घेते. उरलेलं शेणात येतं. म्हणून त्यात नत्र कमी, पण काडी जास्त, माती भुसभुशीत करणारं. घरच्या खताचंही तसंच. घराने पोट भरून मागे ठेवलेलं ते. म्हणून कोणाच्या घरचा आकडा फार चढला ना, तर मी आधी विचारते, घर जेवतंय ना नीट?"

सगळे हसले. साहेब सर्वांत मोठ्याने.

सळईला आणखी एक विद्या येत होती. जे जे कधी जिवंत होतं, ते कुजलं तरी त्याच्या जनुकांचे तुकडे मागे राहतात. सळईचं टोक ते तुकडे वेचायचं आणि थरामागून थर सांगायचं की हा गहू, ही तूर, हा बैल, हा माणूस. याला 'मूळ' म्हणत. सुरुवातीला ते सर्वांसमोर दिसायचं. मग कुठल्याशा शहरात एका कुटुंबाच्या खतातून त्यांची औषधं आणि दुखणी सोसायटीभर झाली, कोर्टकज्जे झाले, आणि कायदा आला की घरमालकाचा अंगठा लागल्याशिवाय मूळ उघडायचं नाही.

"मूळ बघायचं काका?"

"गरज नाही," साहेब झटकन म्हणाले. "खतात शेणाचा कणसुद्धा नाही, हे मी तोंडाने सांगतोय ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी साहेबांनी कोणालाच सांगितली नव्हती. हिवाळ्यात पेटी मरून पडली होती. कुजतच नव्हतं काही, नुसता ओला गोळा. दह्याला विरजण लागतं तसं खतालाही जुन्या खताचं विरजण लागतं. ते मागायला आबांच्या दारात जाणं म्हणजे खेळण्याआधीच डाव देणं. मग आबा पुतणीच्या लग्नाला कोरेगावला गेलेले असताना भर दुपारी साहेब मागच्या प्लॉटवर शिरले आणि हरणीचं एक घमेलं शेणखत उचलून आणलं. पस्तीस वर्षांत मापात पाप केलेलं हे पहिलंच घमेलं. पेटी आठ दिवसांत वाफा टाकायला लागली. आणि तेव्हापासून साहेब कट्ट्यावर सांगत सुटले, "शुद्ध घरगुती. शेणाचा कण नाही."

आषाढात दोघांचे नमुने कट्ट्यावर तपासले गेले आणि साहेबांचा आकडा दोनवर गेला. वर थोडासाच.

मृणालनी दोनदा सळई खुपसली. "काका, नत्र छान वाढलंय. पण मीठ वाढलंय. सालादेठांत एवढं मीठ नसतं. घरात स्वयंपाक उरतो का तुमच्या?"

"आमच्या घरात शीत टाकत नाहीत," साहेब ताठ झाले. "हिच्या माहेरी जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पितात. प्रसाद असतो तो. विचारा कोणालाही."

"मग हाटेलातनं आणता काय हो?" आबा म्हणाले. "रातीचं उरलंसुरलं? असलं कबूल करा. म्या कुनाला सांगत न्हाई, फक्त कट्ट्याला सांगतो."

"आबा, तोंड सांभाळा!"

"मूळ उघडलं की वादच मिटेल," मृणाल म्हणाल्या आणि पडदा पुढे केला. "अंगठा लावा काका. दोन मिनिटांचं काम."

साहेबांचा अंगठा वर आला होता. मग त्यांना पडद्यावर पहिल्याच ओळीत 'गाय' दिसली, आणि तिच्याशेजारी आबांचं तोंड दिसलं. अंगठा मुठीत गेला.

"माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर राहू दे स्पर्धा."

शब्दाचा मान ठेवला गेला. साहेब घरी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "वैजू, दोन! दोनच्या वर गेलो!"

"खरंच?" ती ओट्याशी वळली. पदराला हात पुसत हसली. "आबांचं तोंड कसं झालं?"

"एरंडेल प्यायल्यासारखं. पण मला सांग, मीठ कुठून आलं म्हणते ती पोरगी?"

वैजूने पातेल्यावर झाकण ठेवलं. "लोणच्याची बरणी खरवडून टाकली होती मागे. जेवायला बसा तुम्ही."

साहेबांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, ते त्यांच्या नजरेला आलं. ते निरीक्षक होते, न येऊन कसं चालेल? "बारीक झालीस गं," ते कौतुकाने म्हणाले. "लग्नातल्यासारखी दिसतेस."

"मग काय," ती म्हणाली, "खतासारखा माझापण कस वाढलाय."

असं पुढे रोजचंच झालं. मृणाल आठवड्याला सळई लावून जायच्या आणि जेवताना साहेब आकडा सांगायचे, गेल्या आठवड्यात किती, या आठवड्यात किती, पाचोळ्याचं प्रमाण आपण कसं बरोबर धरलं. ती हाताची घडी घालून ऐकायची. निवृत्तीनंतर या माणसाच्या आवाजात एवढी तरतरी कधी नव्हती. मग ते आडवे व्हायचे आणि ती आपलं ताट वाढून घ्यायची.

दसऱ्याला आकडा पावणेतीन.

मांडव उभा राहिला, खांद्यावर शाल पडली. साहेब माईकवर अर्धा तास बोलले. पाचोळा आणि चिकाटी या विषयावर. वैजू पहिल्या रांगेत बसली होती, तोंडाशी रुमाल धरून. लोकांना वाटलं, गहिवरली. आबांना बोलायला बोलावलं तेव्हा साहेबांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. टोपी जागेवरून हलली नाही. "आकडा हरला," आबा म्हणाले, "गाय हरली न्हाई," आणि टाळ्या घेऊन खाली उतरले.

कार्तिकात मृणालचा फोन आला. रोपवाटिकेत साहेबांच्या खतावर लावलेल्या रोपांची पानं कडेने करपत होती.

"मीठच आहे काका. पाण्याने निचरा करून घेते, रोपं वाचतील. पण मीठ येतंय कुठून ते कळलं पाहिजे. मूळ बघाच. मी नाही येत, सळई पाठवून देते. तुम्ही एकटे बघा."

एकटे बघायचं असेल तर साहेबांची हरकत नव्हती. सकाळी उन्हात गच्चीवर त्यांनी तिन्ही कप्प्यांत सळई घातली आणि अंगठा लावला.

गाय, दोन टक्के.

ते हसले. एवढंच? यासाठी एवढे महिने अंगठा मुठीत? दोन टक्के तर देव्हाऱ्यातल्या शेणाच्या धुपाच्या नावावरही खपले असते.

पुढची ओळ ज्वारी. शिजवलेली. मग तूर, शिजवलेली. तांदूळ, शिजवलेला. पडद्याने थर उलगडून दाखवले. खालच्या कप्प्यात, म्हणजे उन्हाळ्यात, चार घास. मधल्या कप्प्यात अर्धं ताट. वरच्या कप्प्यात, भाद्रपदापासून, एका माणसाचं जवळजवळ सगळं जेवण, वर नीट पाचोळा झाकून. आणि त्या अन्नाशेजारी आणखी एक नाव: मानव, स्त्री, लाळ. म्हणजे घास तोंडात गेलेला होता. चावलेला होता. आणि परत आला होता.

शेवटच्या थरांत लाळेशेजारी रक्त होतं.

साहेबांनी सळई पुसली. पुन्हा खुपसली. पस्तीस वर्षांची सवय, काटा दोनदा बघायचा. काटा तेच म्हणाला.

खाली वैजू भाकरी थापत होती.

"आज तू आधी जेव," ते म्हणाले. "मी वाढतो."

"अगंबाई! ताप आलाय का तुम्हाला?"

"बस."

त्यांनी पाट मांडला. भाकरी, आमटी, भात, सगळं वाढलं. कुठल्या डब्यात मीठ असतं हे त्यांना माहीत नव्हतं. तिने बोट दाखवलं. मग ती ताटासमोर बसली आणि ताटाकडे पाहत राहिली, चढायच्या घाटाकडे माणूस खालून पाहतो तशी. तिने आमटीत कालवलेल्या भाताचा एक घास घेतला. चावला. चावत राहिली. डोळे खिडकीबाहेर. गळ्याची शीर एकदा वर आली, खाली गेली नाही. मग पदर तोंडाला गेला.

साहेबांनी वाटी पुढे धरली. तिने मान वळवली, पण घास शेवटी वाटीतच टाकावा लागला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात भाकरी अडकायला लागली. म्हटलं, पित्त असेल. मग भात. आता पेज तेवढी उतरते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सुनंदाचं पाहिलं होतं ना." सुनंदा तिची थोरली बहीण. "सहा महिने नळ्या लावून पडली होती. शेवटी पाणी पाणी करून गेली. म्हटलं, तेवढं नको." ती थांबली. "आणि ताट टाकवेना हो मला. शीत टाकलं नाही कधी जन्मात. कचऱ्यात टाकायचं म्हणजे... मग म्हटलं, पेटीत घालू. टाकलं असं नाही होत ते. झाडांच्या तोंडी लागतं."

"पण इतके महिने, वैजू?"

"मग तुमचा आकडा वाढायला लागला." ती हसली. "तुम्ही रोज जेवताना सांगायचात. इतकं बोलणं तुम्ही केलं होतं का कधी माझ्याशी? म्हटलं, दसऱ्यापर्यंत होऊ दे. मग सांगू."

"त्या पोरीने आषाढातच मूळ उघडा म्हटलं होतं."

"मला ठाऊक होतं तुम्ही उघडणार नाही."

"कसं?"

"घमेलं मीच घासलं होतं," वैजू म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी अन्ननलिकेचं चित्र पाहिलं, त्रास कधी सुरू झाला ते विचारलं आणि म्हणाल्या, "पावसाळ्याच्या सुरुवातीला आणलं असतं तर गाठ काढता आली असती." साहेबांनी मान हलवली. बाईंना वाटलं त्यांना नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. नळ्या नकोत, असं वैजूने स्वतःच ठरवलं आणि साहेब तिला घरी घेऊन आले.

निकमआबा रोज सकाळी हरणीचं दूध घेऊन यायचे. तेवढंच उतरायचं. ते आत जात नसत, व्हरांड्यातच बसायचे. एकदा साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, तुमच्या उकिरड्यावरून एक घमेलं खत मी चोरलं होतं. हिवाळ्यात."

"म्हाईत हाय."

"काय?"

"अवो, पाकीट घरी राहिलं म्हनून म्या लग्नाला जाताना निम्म्या वाटेवरनं परत आलो हुतो. तुमी डोक्यावर घमेलं घिऊन कुंपणातनं वाकून निघालावता. म्हटलं, न्हेऊ द्या. शेणच हाय."

"मग बोलला का नाहीत? एकदा जरी हसला असता चारचौघांत..."

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली नाही, गिळली. "बोललो असतो तर तुमी खेळ सोडला असता, साहेब. मंडळी गेल्यापासनं माझीबी संध्याकाळ सरत न्हवती."

वैजू माघात गेली. जंगमांत दहन नसतं, मातीत बसवतात. विभूती लावली, बेल वाहिला, आणि नातलग मूठ मूठ माती लोटू लागले. साहेबांची मूठ उघडेना. तेव्हा आबा पुढे आले. त्यांनी टोपी काढली, काखेत धरली, आणि साहेबांचा हात आपल्या हातात घेऊन त्यातली माती खाली सोडली.

"साहेब," ते म्हणाले, "हरलो आपण."

बाग आता झाली आहे. रोपं वाचली, त्यांतल्या काहींना कळ्याही आल्या. फाटकाशी पाटी आहे. साहेब त्या रस्त्याने जात नाहीत. खतपेटी त्यांनी मोडली नाही. सालं, देठं, चहाचा चोथा आता तेच चिरून घालतात, वेडंवाकडं. चैत्रात मृणाल आल्या. त्यांनी सळई खुपसली आणि पडदा न दाखवता म्हणाल्या, "दीड, काका. चांगलं आहे. घरच्या खताचं एवढंच असतं."

दुपारी साहेब जेवायला बसले. ओट्याकडे बघून त्यांनी आकडा सांगितला.

तर हिशेब असा मिटला. निकमआबांचं घमेलाभर शेण गेलं, ते त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. जंगमांना पाटी मिळाली, शाल मिळाली, माईक मिळाला, आणि टोपी काढलेले आबाही मिळाले. ठरलेलं सगळं पोचलं, काही बुडालं नाही. दीड टक्का घराचा होता. वरचा सव्वा टक्का वैजयंताने भरला, आपल्या ताटातून.